मैदान आणि मेंदू : एका शोधाचा इतिहास

मुलांच्या अभ्यासाची काळजी आज आपल्या समाजात घरोघरी वाहिली जाते, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. दोन पिढ्यांपूर्वी ज्या घरी आलेले पत्र वाचून घेण्यासाठी शेजाऱ्याच्या दारी जावे लागे, त्या घरातील मुलगी आज बारावी विज्ञानाच्या वर्गात बसते. परंतु ह्या काळजीबरोबर एक समजूतही घरात शिरली आहे. दहावीचे वर्ष लागले की पालक शाळेत येतात आणि विनंती करतात, "सर, यंदा त्याचा पी.टी.चा तास राहू द्या. त्या वेळात गणित घ्या." मुलींच्या बाबतीत तर ही विनंती सातवी-आठवीपासूनच सुरू होते. खेळून आलेल्या मुलाचे रक्त हातापायांत उतरते, डोके रिकामे राहते, मग पुस्तकात लक्ष कसे लागणार, असा त्यामागचा विचार असतो.

ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. व्यायाम करताना मेंदूतील रक्ताचे काय होते, ह्या प्रश्नाने मोठमोठ्या विद्वानांनाही चकविले आहे. मी इतिहास शिकवितो. तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर माणसाला कोणकोणत्या वाटांनी सापडत गेले, तो इतिहासच आपणांसमोर ठेवतो. त्याचा आरंभ आपल्याला परक्या नसलेल्या नावांपासून होतो.

इब्न सीना यांचे नाव आपल्याकडील प्रत्येक हकिमाच्या तोंडी असते. सन 980 मध्ये बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या आणि 1037 मध्ये हमदान येथे मरण पावलेल्या ह्या हकिमाने 'अल-कानून' हा वैद्यकाचा महाग्रंथ लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात आरोग्य राखण्याचे नियम आहेत आणि त्यांत व्यायामाला, म्हणजे रियाजतीला, मानाचे स्थान आहे. इब्न सीना यांनी व्यायामाची केलेली व्याख्या आजच्या क्रीडाशिक्षकालाही मान्य व्हावी. ज्या ऐच्छिक हालचालीमुळे श्वास खोल आणि जलद घ्यावा लागतो, ती हालचाल म्हणजे व्यायाम. नुसते हातपाय हलविणे त्यांनी व्यायामात धरले नाही. श्वासाशी त्याची सांगड घातली. कुस्ती, धावणे, धनुर्विद्या, घोडेस्वारी असे प्रकार सांगून, अशक्त माणसाने कोणते सौम्य प्रकार करावेत तेही त्यांनी नोंदविले. अन्न पचण्याआधी व्यायाम करू नये, अशी सूचनाही त्यांत आहे. युनानी वैद्यकात आरोग्याला आवश्यक अशी जी सहा कारणे मानतात, त्यांत शरीराची हालचाल आणि विश्रांती हे एक आहे. दरसमुद्राच्या पलीकडून ही शिकवण आपल्या गावच्या दवाखान्यांपर्यंत पोहोचली होती. ती अभ्यासाच्या वेळापत्रकातून मात्र गळाली.

श्वासाने घेतलेली हवा शरीरात जाते कशी, ह्याचे उत्तर मात्र इब्न सीना यांच्यापाशी नव्हते. ग्रीक वैद्य गालेन यांनी दुसऱ्या शतकात असे सांगून ठेवले होते की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते. गालेन यांच्या शब्दाबाहेर जाण्याची हजार वर्षे कोणाची छाती झाली नाही. ती झाली दमास्कस येथे शिकलेल्या आणि कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस यांची. सन 1242 च्या सुमारास, वयाची तिशीही पुरी झालेली नसताना, त्यांनी 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी स्वच्छ म्हटले की ह्या पडद्याला दिसणारी छिद्रे नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. इब्न सीना यांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना इब्न सीना यांच्याच मताला दिलेला हा नकार आहे. उस्तादाचा आदर आणि उस्तादाशी मतभेद एकाच पानावर कसे नांदतात, हे विद्यार्थ्यांनी येथे पाहावे. इब्न अल-नफीस वैद्य होते तसेच शाफई फिकहचे पंडितही होते आणि कैरोच्या मदरशात ते फिकह शिकवीत. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम घराणी त्याच शाफई मार्गाची आहेत. 1288 मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी आपले घर आणि ग्रंथसंग्रह कैरोच्या मन्सुरी रुग्णालयाला देऊन टाकला.

पुढची कथा क्लेशदायक आहे. हा शोध विस्मृतीत गेला. स्पेनच्या सर्व्हेटस यांनी 1553 मध्ये आणि इटलीच्या कोलंबो यांनी 1559 मध्ये फुप्फुसातील रक्ताच्या वाटेविषयी लिहिले, तेव्हा युरोपला ती कल्पना नवी वाटली. 1924 साली मुहियुद्दीन अल-ततावी नावाच्या एका मिसरी विद्यार्थ्याने जर्मनीत डॉक्टरकीसाठी प्रबंध लिहिताना बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचले, तेव्हा पावणेसातशे वर्षांनी इब्न अल-नफीस यांना त्यांचे श्रेय मिळाले. आपल्याकडे काही वक्ते "सारे शोध आमचेच" असे व्यासपीठावरून सांगतात. मला ते पटत नाही. जो ग्रंथ आपण सातशे वर्षे उघडून पाहिला नाही, त्याचा अभिमान मिरविण्याआधी थोडे खाली पाहावे, हे बरे.

1628 साली इंग्लंडचे विल्यम हार्वे यांनी सिद्ध केले की रक्त सर्व शरीरात वर्तुळाकार फिरते. त्यांचे हत्यार होते साधा गुणाकार. हृदय एका ठोक्यास किती रक्त बाहेर टाकते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, ह्याचा हिशेब केला तर इतके रक्त येते की रोज नव्याने तयार होणे शक्यच नाही. तेव्हा तेच रक्त परत आले पाहिजे. 1661 मध्ये माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले. 1664 मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. मानेतून वर जाणाऱ्या चार रक्तवाहिन्या मेंदूच्या तळाशी एका कड्यात जोडल्या जातात, हे त्यांनी दाखविले. एका मृताच्या मानेतील एका बाजूची मोठी वाहिनी पूर्ण बंद झालेली त्यांना आढळली, तरी त्या माणसाला हयातीत मेंदूचा विकार झालेला नव्हता. एक वाट बंद झाली तरी कड्यामुळे दुसऱ्या वाटेने रक्त पोहोचत होते. गावाला दोन विहिरी असाव्यात तशी ही अल्लाहची योजना आहे. ह्या ग्रंथातील चित्रे काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते. लंडनचे सेंट पॉल चर्च ज्यांनी पुढे बांधले तेच हे.

व्यायामाचा आणि प्राणवायूचा संबंध प्रथम मोजला तो फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी. 1790 च्या सुमारास त्यांनी आपले सहकारी सेगँ यांच्या तोंडावर मुखवटा बसविला आणि त्यांना पायाने यंत्र दाबावयास लावून, ते किती प्राणवायू वापरतात ते मोजले. विश्रांतीच्या वेळेपेक्षा श्रमाच्या वेळी तो दुपटीहून बराच अधिक लागला. ह्या प्रयोगाचे चित्र लाव्हाझिए यांच्या पत्नी मारी यांनी काढले आहे आणि त्या चित्रात टेबलाशी बसून आकडे टिपून घेणारी बाई त्या स्वतःच आहेत. मुलींनो, हे चित्र जरूर शोधून पाहा. 1794 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला.

शरीराचे कळले, पण मेंदूचे काय? येथे एक मोठी अडचण होती. हृदय छातीत धडधडते ते कळते, नाडी हाताला लागते. मेंदू मात्र हाडाच्या पेटीत बंद. पेटी बंद असल्यामुळे तिच्यातील रक्ताचे प्रमाण कायमच राहणार, असे मत 1783 मध्ये एडिंबरोच्या मन्रो यांनी मांडले आणि त्यांचे शिष्य केली यांनी 1824 मध्ये ते उचलून धरले. प्रमाण स्थिर असले तरी प्रवाह बदलू शकतो, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात आला नाही. टाकीतील पाणी एकाच पातळीवर असते, म्हणून नळ किती जोरात वाहतो ते काही ठरत नाही!

ही कोंडी फोडणारा माणूस मला ह्या सर्व इतिहासात अधिक जवळचा वाटतो. इटलीतील तुरीनचे आंजेलो मोसो हे गरीब सुताराचे पुत्र. त्यांच्याकडे बेर्तीनो नावाचा एक शेतकरी आला. अपघाताने त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि तेथे मेंदूचे ठोके त्वचेखाली दिसत. मोसो यांनी त्यावर ठोके नोंदविणारे यंत्र बसविले, दुसरे हातावर बसविले. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा झाली, तशी मेंदूवरील नोंद एकदम उंचावली; हाताची नोंद होती तशीच. मोसो यांनी विचारले, प्रार्थना म्हणावयाची राहिली असे मनात आले काय? बेर्तीनो "होय" म्हणाला आणि नोंद पुन्हा उसळली. मग त्याला आठ गुणिले बारा किती असे विचारले, तेव्हाही तेच घडले. अजान कानावर पडताच आपल्या मनात जी चाळवाचाळव होते, तीही रक्ताच्या प्रवाहात अशीच उमटत असली पाहिजे. पुढे मोसो यांनी माणसाला आडवे झोपविण्याचा एक तराजू तयार केला. मन कामाला लागले की डोक्याकडची बाजू खाली झुकते, असे त्यांचे निरीक्षण होते.

मोसो यांनी थकव्यावरही 1891 मध्ये ग्रंथ लिहिला. एका बोटाने वजन उचलावयाचे आणि ते किती वेळा उचलले जाते ते कागदावर उमटवायचे, असे यंत्र त्यांनी केले होते. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका प्राध्यापकाच्या बोटातली शक्ती त्यांनी मोजली, तर ती बरीच घटलेली! परीक्षा देणाऱ्यापेक्षा घेणारा अधिक थकतो, हे आम्ही शिक्षक सांगतो तेव्हा कोणी ऐकत नाही. डोक्याचे श्रम आणि अंगाचे श्रम ह्या दोन वेगळ्या कोठ्या नाहीत, हे मोसो यांना त्यावरून उमगले आणि शाळांतील शारीरिक शिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला.

1890 मध्ये केंब्रिजचे रॉय आणि शेरिंग्टन ह्यांनी, मेंदूचा जो भाग कामाला लागतो त्याचा रक्तपुरवठा मेंदू स्वतःच वाढवून घेतो, असे प्रयोगांती म्हटले. परंतु 1896 मध्ये लेनर्ड हिल ह्या वजनदार शास्त्रज्ञाने त्याविरुद्ध मत दिले आणि ती कल्पना दीर्घकाळ बाजूला पडली. थोरांच्या शब्दाचे वजन गालेन यांच्या काळात होते तसेच ते हिल यांच्याही काळात होते, एवढेच म्हणतो.

खरी मोजदाद झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी 1945 मध्ये एक पद्धत शोधली. माणसाला नायट्रस ऑक्साइड हा वायू थोड्या प्रमाणात हुंगावयास द्यावयाचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून परत येणाऱ्या रक्तात तो किती आहे, ते तपासत राहावयाचे. त्यावरून मेंदूतून किती रक्त वाहिले ते निघते. निघालेले आकडे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. प्रौढाचा मेंदू साधारण 1,400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या 2 टक्के. पण त्यातून मिनिटाला सुमारे 750 मिलिलिटर रक्त वाहते, आणि विश्रांतीत असलेले शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला जवळजवळ 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. घरात पन्नास माणसे असावीत आणि एकाच्याच ताटात दहा जणांची रोटी जावी, तसा हा प्रकार. शिवाय शिल्लक ठेवण्याची सोय नाही. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-सहा मिनिटांत पेशींची कायमची हानी सुरू होते.

आता वाचकहो, गंमत अशी की ह्याच पद्धतीने पुढील दहा-पंधरा वर्षांत व्यायाम करणाऱ्या माणसांची तपासणी झाली, तेव्हा मेंदूच्या एकूण रक्तप्रवाहात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हृदय विश्रांतीत मिनिटाला 5 लिटर रक्त टाकते ते जोराच्या व्यायामात 20 लिटर किंवा त्याहूनही अधिक टाकते आणि त्याचा सिंहाचा वाटा स्नायू घेतात. मेंदूला काही अधिक मिळालेले दिसेना. म्हणून व्यायामात मेंदूचा रक्तपुरवठा स्थिर राहतो, असे 1970 च्या दशकापर्यंत शिकविले जाई. पालकांच्या समजुतीला यातून निम्मे उत्तर मिळाले होते. डोके रिकामे होते, हे खोटे ठरले. स्नायूंची गरज कितीही वाढली तरी मेंदूचा वाटा कोणी काढून घेत नाही. परंतु भर पडते, हे दिसले नव्हते.

ते दिसावयाला मापन सूक्ष्म व्हावे लागले. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये लासेन आणि इंग्वार यांनी किरणोत्सर्गी झेनॉन वायूच्या साहाय्याने मेंदूच्या एकेका भागाचा रक्तप्रवाह मोजला. हाताची मूठ उघडमीट केली तर विरुद्ध बाजूच्या मेंदूतील नेमक्या जागी प्रवाह वाढतो, हे 1970 च्या दशकात नकाशावर दिसू लागले. रॉय आणि शेरिंग्टन बरोबर होते. 1982 मध्ये रुने आस्लिड यांनी कवटीच्या पातळ भागातून ध्वनिलहरी पाठवून आतील रक्ताचा वेग मोजण्याची रीत काढली. आता धावणाऱ्या, सायकल मारणाऱ्या माणसाच्या मेंदूतील रक्त क्षणाक्षणाला तपासता येऊ लागले.

त्यातून जे कळले ते नीट समजून घ्या. मध्यम व्यायामात, म्हणजे दम लागतो पण बोलता येते इतक्या व्यायामात, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांतील रक्ताचा वेग दहा ते वीस टक्के आणि काहींचा त्याहूनही अधिक वाढतो. माणूस आपल्या ताकदीच्या साधारण साठ टक्क्यांपर्यंत पोहोचेतो ही वाढ चालू राहते. त्यापुढे मात्र ती उतरू लागते. त्याचे कारण श्वासात आहे. मेंदूतील वाहिन्यांचा खरा द्वारपाल कार्बन डायऑक्साइड आहे; रक्तात तो वाढला की वाहिन्या रुंदावतात, घटला की आकसतात. अतिश्रमात माणूस धापा टाकतो, हा वायू अधिक बाहेर जातो आणि वाहिन्या आकसतात. इब्न सीना यांनी व्यायामाची व्याख्या श्वासावरून केली होती, त्याची येथे आठवण होते. तथापि त्यांना हे सर्व ठाऊक होते, असे मात्र कृपा करून कोणी म्हणू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. जोरजोराने श्वास घेतला की मेंदूला जादा प्राणवायू मिळतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. निरोगी माणसाचे रक्त बसल्या जागीही प्राणवायूने 95 टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय होणार? उलट उगाच धापा टाकल्याने कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते. व्यायामाचा लाभ त्या दहा मिनिटांच्या जादा रक्तापुरता असता, तर मैदानातून वर्गात येईतो तो संपलाही असता.

खरा लाभ सावकाश होतो. 1999 मध्ये कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत असे आढळले की पिंजऱ्यात चाक फिरवीत धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, स्मरणाशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस ह्या भागात, नव्या पेशी अधिक टिकतात. 2007 मध्ये माणसांवरील एका प्रयोगात तीन महिन्यांच्या व्यायामानंतर त्याच भागातील एका पट्ट्यात रक्ताचे प्रमाण वाढलेले दिसले. 2011 मध्ये अमेरिकेत 55 ते 80 वर्षे वयाच्या 120 माणसांचे दोन गट केले गेले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत झपाझप चालावयाचे आणि दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे हलके प्रकार करावयाचे. वर्षअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा वयोमानाप्रमाणे घटला होता. नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट फरक आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु घरातील आजोबांना मशिदीपर्यंत चालत जाऊ द्यावे, मोटारसायकलवर बसवून नेऊ नये, इतपत आधार त्यात नक्की आहे. नमाज मात्र व्यायाम म्हणून विकू नये. ती इबादत आहे. तिला दुसऱ्या समर्थनाची गरज नाही.

मुलींच्या बाबतीत जे पालक संकोच करतात, त्यांना एक आठवण देतो. हजरत आयेशा यांनी रसूलुल्लाह (स.अ.व.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आहे. पोशाखाची, आडोशाची, शिक्षिकेची सोय शाळेने करावी, हे पालकांचे म्हणणे रास्त आहे आणि संस्थेने ते ऐकावे. सोय करा म्हणणे वेगळे आणि तास बंद करा म्हणणे वेगळे.

शाळकरी मुलांवरील प्रयोगांपैकी दोन सांगतो. 2007 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात तिसरी आणि पाचवीच्या 259 मुलांची तपासणी झाली. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचे वाचन आणि गणितातील गुणही सरासरीने चांगले होते. ह्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, कारण सुखवस्तू घरातील मूल दोन्हींत पुढे असू शकते. म्हणून दुसरा प्रयोग अधिक मोलाचा. 2009 मध्ये त्याच राज्यात नऊ-दहा वर्षांच्या 20 मुलांना एके दिवशी वीस मिनिटे चालावयास लावून आणि एके दिवशी स्वस्थ बसवून, तीच ती मुले तपासली गेली. चालून झाल्यावर त्यांच्या चुका कमी झाल्या आणि वाचलेले समजण्याच्या चाचणीत गुण वाढले. मुले थोडी होती, पण तुलना प्रत्येकाची स्वतःशीच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे दम लागेलशा हालचालीची शिफारस केली आहे. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आठवड्याला शारीरिक शिक्षणाच्या दोन किंवा तीन तासिका असतात आणि त्याही बहुधा शेवटच्या, मुले घरी जाण्याच्या घाईत असताना. ह्या तासिका दिवसाच्या मध्यावर आणून लगेच पुढची तासिका गणिताची ठेवावी, दहावीच्या दोन तुकड्यांपैकी एका तुकडीत एक सत्र हे करून पाहावे आणि दोन्ही तुकड्यांचे चाचणी-गुण भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत, अशी सूचना मी येत्या पालक सभेत मांडणार आहे. खर्च काही नाही. फक्त मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदलावयाचे आहे आणि पालकांनी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत धीर धरावयाचा आहे.